दहाची बाटली

ता. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, जो माणूस रोज उठून खोटं लिहितो, त्याला आपण खोटं लिहितोय हे कळत असतं का? की सवयीनं त्याला तेच खरं वाटायला लागतं? चार दिवस हाच विचार करते आहे. तू तीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात काढलीस, म्हणून तुला विचारते. फोनच केला असता, पण फोनवर तू पलीकडच्या डोंगराला हाक मारल्यासारखी बोलतेस आणि आपलं घरचं सगळं अख्ख्या वसतिगृहाला कळतं.

मत्स्यालयातल्या नोकरीला महिना झाला. रंगीत मासे बघायचा पगार मिळतो म्हणून तू सगळ्यांना सांगत सुटली आहेस, ते बंद कर. खाऱ्या पाण्यातली घाण फेसाबरोबर वर काढणारं एक यंत्र असतं. त्याचा पेला रोज सकाळी मी धुते. आत काळपट हिरवा, चिकट रस असतो. साबणानं तीनदा हात धुतले तरी जेवताना घास तोंडाजवळ आला की तो वास आधी येतो. बाहेर लोक काचेला नाक लावतात, शिंकतात, आणि ते तिथंच ठेवून पुढच्या टाकीकडे जातात. तेही मीच पुसते.

पण खरी शिसारी आली ती मीठकाकांची. टाकीसाठी मिठाचं पाणी कालवतात, म्हणून सगळे त्यांना मीठकाका म्हणतात. बावीस वर्षं प्रवाळांची टाकी तेच सांभाळतात. पाण्याचा पीएचही तेच मोजतात. पीएच म्हणजे पाणी आम्लाकडे किती झुकलंय ते सांगणारा आकडा. तो फार उतरला की प्रवाळांना आपलं चुन्याचं अंग बांधता येत नाही. आता काकांची मोजायची पद्धत ऐक. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, नळीच्या तोंडावर आपला अंगठा दाबून ती हलवायची, आणि खिडकीशी धरून रंगाच्या कार्डाशी ताडून बघायची. तो अंगठा कुठं कुठं जाऊन आलेला असतो ते मी पाहिलं आहे. मग कानामागची पेन्सिल काढून वहीत लिहायचं : ७.७. काल ७.७, परवा ७.७, गेले पंधरा दिवस ७.७. माझ्याकडे नवा मीटर आहे, दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवणारा. तो म्हणतो ७.८२. काकांनी आकडा ठरवूनच ठेवला आहे, दुसरं काय?

आणि नियम असा, की ७.८ च्या खाली गेलं तर मागची खिडकी उघडायची. बंद हॉलमध्ये माणसांचा श्वास कोंडतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरतो आणि पीएच उतरतो, म्हणून. काका रोज सकाळी खिडकी उघडतात, एसी वाया जातो, अधीक्षक रोज करवादतात. त्यांनी माझ्याकडे लेखी अहवाल मागितला आहे. मी खरं तेच लिहिणार. आपल्या घरातलं पहिलं पदवीचं कागदपत्र काय भिंतीवर लावायला आणलं?

बाबांना खोकल्याचं औषध वेळेवर दे. माझ्यावरचा जीव आहे तसाच असू दे.

तुझी,
भाची

---

ता. १३ फेब्रुवारी

चि. बीएस्सीबाईंस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. वास पत्रालासुद्धा येतोय असं तुझे बाबा म्हणाले आणि नाक मुरडून परत परत वाचत बसले. खोकला आहे तसाच. मी औषध देते, ते मोरीत ओततात.

तू विचारलंस म्हणून सांगते. मी खोटं लिहिणारे पाहिले आहेत. झोपलेल्या पेशंटला कशाला उठवायचं म्हणून तक्त्यात ताप नाही असं लिहून मोकळे होणारे. पण ते कधी रोज एकच आकडा लिहीत नसत गं. पकडले जाऊ म्हणून थोडं इकडे, थोडं तिकडे करून लिहायचे. तुझा मीठकाका रोज तेच लिहितो, म्हणजे एक तर फार आळशी आहे, नाहीतर पाणीच तसं आहे. मला पाण्यातलं काही कळत नाही.

अंगठ्याचं मात्र खरं आहे. ऐकूनच मला कसंसं झालं. बूच मिळत नाही का त्या नळीचं?

अहवाल लिहिताना जपून लिही. रागाच्या भरात तुझं अक्षर मोठं होतं, चौथीपासून पाहते आहे.

लोभ आहेच, तो वेगळा काय मागायचा.

आत्या

---

ता. २४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अहवाल दिला. अक्षर लहानच काढलं. 'आधीची मोजणी अंदाजाने केलेली असून विश्वासार्ह नाही' असं लिहिलं. अधीक्षकांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी काकांना टाकीवरून काढून दारात तिकिटं फाडायला बसवलं. मार्चअखेर त्यांना घरी बसवणार आहेत. खिडकीला आता कुलूप आहे.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. पण टाकी बिघडतेच आहे. फांद्यांसारख्या प्रवाळांचे शेंडे पांढरे पडत चालले आहेत. एक मोठा गड्डा तर अंगावरून शेंबडासारखा चिकट पदर सोडतो आहे आणि त्याचा वास पेल्याच्या वासाहून वाईट. काल चिमट्यानं त्याचा मेलेला भाग काढताना मला उलटी झाली. बावीस वर्षांची हलगर्जी अशीच बाहेर येणार, असं अधीक्षक म्हणतात. मीही तसंच समजते.

माझ्याकडून कसूर नाही. मीटर रोज नव्यानं लावून घेते. त्यासाठी दोन बाटल्या असतात, एक बरोबर सातच्या पीएचची, दुसरी दहाची. दोन वाट्यांत ओतायचं, मीटरची दांडी आधी सातमध्ये, मग दहामध्ये बुडवायची, म्हणजे मीटरला दोन खुणा कळतात आणि मधलं तो बरोबर वाचतो. द्रावण महाग आहे. म्हणून वाटीतलं मी फेकत नाही, परत बाटलीत ओतते. तुझ्याच हाताखाली वाढले, उरलेलं टाकवत नाही. काका मात्र नळीतलं सरळ मोरीत ओतायचे. परवा आकडा ७.८१ होता, आज ७.८. जागचा हललेला नाही. मग हे का मरतंय?

काका दारात भेटतात. तिकीट फाडतात, मान हलवतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही, आणि का बघवत नाही याचा मला राग येतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भाची

---

ता. ३ मार्च

चि. बाळ,
अ. उ. आ.

या वेळी थट्टा नाही. तुला एक सांगायचं राहिलं होतं. तू कॉलेजात होतीस, अभ्यासात कशाला ढवळाढवळ, म्हणून गप्प बसले.

आमच्या वॉर्डात एक नवी शिकलेली सिस्टर आली होती. हुशार, तुझ्यासारखीच ताठ. मी घेतलेला ताप आणि तिनं घेतलेला ताप जुळेना. तिनं वरती लिहून दिलं, की आयाबाईंना थर्मामीटर वाचता येत नाही. मला कुणी बोलावून विचारलं नाही. दीड वर्ष धुलाईत होते, दुसऱ्यांच्या रक्तापुवाच्या चादरी उकळत. बढतीनं बदली झाली असं घरी सांगितलं होतं, आठवतं? तुझे बाबा पेढ्यांऐवजी केळी घेऊन आले होते. नंतर कुणीतरी दोन्ही थर्मामीटर एकाच पेल्यात बुडवून पाहिले, तेव्हा तिचा निघाला नादुरुस्त. तोवर तिची बदली झाली होती. तिला कधी कळलंही नसेल.

तू त्याचं आणि तुझं एकाच पेल्यात घालून पाहिलंस का? की त्याचा अंगठा घाण म्हणून त्याचा आकडाही घाण?

आणि माझ्या नावावर काहीही खपवू नकोस. तळणातलं उरलेलं तेल मी परत बरणीत ओतते, ते घरात. वॉर्डात चमचा बुडवलेलं औषध परत बाटलीत ओतलं असतं, तर मेट्रननं माझा कान उपटून हातात दिला असता. एकदा बाहेर आलेलं बाटलीत जात नाही, हे आयालासुद्धा ठाऊक असतं.

रागावले नाही. पण उत्तर लवकर टाक.

आत्या

---

ता. ११ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी तशीच टाकीवर गेले. एकाच पेल्यात पाणी घेतलं. आधी मीटर : ७.८. मग काकांची नळी, त्यांचेच थेंब, त्यांचंच कार्ड. नळीचं बूच शोधलं. ते केव्हाचंच हरवलेलं. अंगठ्यावर प्लास्टिकचा तुकडा धरून नळी हलवली. रंग ७.६ चा आला.

मग कपाटातून दहाची सीलबंद बाटली काढली. आधी सातची नवी, मग ती, अशा दोन नव्या बाटल्यांवर मीटर पुन्हा लावला आणि त्यात माझी जुनी दहाची बाटली मोजली. आत्या, ती सव्वानऊ निघाली. ते द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, आणि मी ते रोज वाटीत उघडं ठेवत होते, त्यात सातच्या वाटीतून ओली आलेली दांडी बुडवत होते आणि सगळं परत बाटलीत ओतत होते. सव्वानऊला दहा समजणारा मीटर टाकीचं पाणीही चढवूनच सांगणार. खिडकी बंद झाल्यावर पाणी उतरत गेलं, बाटलीही उतरत गेली, म्हणून पडद्यावरचा आकडा जागचा हलला नाही. हा आकडा एका दशांशानं उतरला की आम्ल चौथाईनं वाढतं. हे मी परीक्षेत लिहून गुण घेतले आहेत. मीटरच्या कोपऱ्यात एक खूण महिनाभर लुकलुकत होती. बॅटरी उतरली असेल, असं म्हणून मी ती सोडून दिली होती. पुस्तिका काढून पाहिली, ती बाटली तपासा असं सांगणारी खूण होती.

काकांच्या अंगठ्याची मला किळस यायची. आता आरशात बघताना येते.

अधीक्षकांकडे गेले. ते पेनच्या टोपणानं कान कोरत होते. ऐकता ऐकता टोपण काढून पाहिलं, नाकाजवळ नेलं, पुन्हा कानात घातलं. मग शांतपणे म्हणाले, की बाटली बदला, आकडे आपोआप बरोबर येतील, बोभाटा कशाला. म्हातारा तसाही जाणारच आहे. आणि तुमची नोकरी पहिले सहा महिने कच्ची आहे, याची आठवण त्यांनी दोनदा करून दिली. खिडकीची किल्ली मागितली, तर दुपारनंतर बघू म्हणाले. यंत्राच्या पेल्यातल्या त्या रसाचीही मला इतकी ओकारी कधी आली नव्हती.

किल्ली मी दुपारची वाट न बघता झाडूवाल्या बाईंकडून घेतली. खिडकी उघडली आणि दारात गेले. काकांना सगळं सांगितलं, बाटलीपासून अहवालातल्या त्या वाक्यापर्यंत. ते ओळीतल्या माणसांची तिकिटं फाडत राहिले. अहवालात काय आहे ते त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. मग त्यांनी खिडकी किती उघडली आहेस, असं विचारलं. मी हात पसरून दाखवलं. तेवढी नको, गरम वारा एकदम आत आला तर पाणी तापेल, निम्मी ठेव, असं म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही. रागावले असतील. असावेतच.

मी नवा कागद लिहिला. मीठकाकांचे आकडे बरोबर होते. दहाचं वापरलेलं द्रावण रोज बाटलीत परत ओतणारी मी. टाकीचं नुकसान माझ्या मोजणीमुळे झालं, माझा आधीचा अहवाल मी मागे घेते आणि काकांना टाकीवर परत घ्यावं. या वेळी अक्षर मोठं झालं, होऊ दिलं. अधीक्षकांच्या हातात दिला असता तर तो त्यांच्या खणात गेला असता. म्हणून आज अकरा वाजता कार्यालयाच्या आवक खिडकीवर मत्स्यालयाच्या विश्वस्तांच्या नावे दिला. कारकुनानं वाचला, चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, नक्की ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी क्रमांक घातला, शिक्का मारला आणि पोच माझ्या हातात दिली.

माझ्यावरचा जीव आटवू नकोस.

तुझी,
भाची