जांभळ्या दिव्याची परवानगी

प्रति,
मा. सुरक्षा अधिकारी,
संशोधन संस्था, मुख्य इमारत, तळमजला

विषय : प्लाझ्मा नळी शोभेसाठी कापण्यापूर्वी एक दुपार कार्बन डायऑक्साइडवर चालवू देण्याबाबत.
संदर्भ : आपल्या निरीक्षकांचा 'समाधानकारक' शेरा असलेला अहवाल.

महोदय,

१. मी प्लाझ्मा कक्षात संशोधन सहायक आहे. आमच्याकडे हातभर लांबीची एक काचेची नळी आहे. तिच्यात कार्बन डायऑक्साइड सोडून उच्च दाबाची वीज दिली की वायू उजळतो (हाच प्लाझ्मा), त्याचे रेणू फुटतात आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. धुराड्यांतून वाया जाणाऱ्या वायूपासून पुढे इंधन आणि रंग-प्लास्टिकचा कच्चा माल करता यावा, यासाठी हा सारा खटाटोप आहे.

२. कार्बन मोनॉक्साइड विषारी आहे हे मला मान्य आहे. म्हणूनच तो बंद नळ्यांतून थेट बर्नरकडे नेऊन जाळला जातो. तरीही 'विषारी वायू तयार होणार नाही अशा बेताने प्रयोग करावा' अशी अट आपल्या कार्यालयाने घातली. बाळंतपण होऊ द्या पण मूल नको, असे सांगण्यासारखे हे आहे. तसे मी (सौम्य शब्दांत) लेखी कळवले. उत्तरादाखल तीच अट खाली रेघ मारून परत आली.

३. निरीक्षक येणार त्या दिवशी आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "आज नुसता आर्गॉन सोड. त्यात काही घडत नाही, उजेड तेवढा पडतो. साहेब बघतील आणि जातील." मलाही वाटले, सुंठीवाचून खोकला जाईल. नळी जांभळी उजळली. "अरे वा, काय सुंदर दिसतंय!" म्हणत निरीक्षकांनी फोटो काढला आणि शेरा मारला, 'यंत्र सुरक्षित. यापुढे याच पद्धतीने, याच वायूवर चालवावे.' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

४. तेव्हापासून मी रोज कामावर येते आणि दिवा लावते. अपघात नाही, उत्पादनही नाही. त्याबद्दल आपण आमच्या कक्षाला सुरक्षिततेची ढाल दिलीत. आता तो फोटो पाहून संचालकांनी नळी स्वागतकक्षात शोभेला बसवायचे ठरवले आहे. चौकटीत मावावी म्हणून सोमवारी तिची वायू आत-बाहेर जाण्याची तोंडे कापून आत कायमचा आर्गॉन कोंडणार आहेत. वायू भोवऱ्यासारखा फिरवत नेला तर बरीच कमी वीज पुरेल असा माझा हिशेब आहे. तो खरा की खोटा, हे पाहायचे राहूनच गेले आहे.

५. ही नळी फुंकून घडवणारे काचकामवाले काका निवृत्त झाले. त्यांचे हात आता थरथरतात. दुसरी नळी होणे नाही. भोवरा फिरावा म्हणून ती तिरकी तोंडे त्यांनी कितीदा मोडून पुन्हा जमवली. "पोरी, होईल ना गं काही हिच्यानं?" असे ते विचारत आणि मी हो म्हणत असे. स्वागतकक्षात बटण दाबायला संचालकांनी त्यांनाच बोलावले आहे. कार्बन डायऑक्साइडचा पांढरट निळा उजेड काकांनी पाहिलेला आहे. जांभळा दिसताच आत काय आहे ते त्यांना कळेल. तेव्हा त्यांना काय सांगायचे, हे आपणच लेखी कळवावे. मला तोंड नाही.

६. आधी मी कायमची परवानगी मागणार होते. आता एकच दुपार मागते आहे. दारावर पहारेकरी बसवा, सगळी इमारत रिकामी करा, माझ्याकडून हवे ते लिहून घ्या. काही साधले नाही तर तोंडे मी स्वतःच्या हातांनी कापून देईन. महोदय, मी आपल्या पाया पडते. हे वाक्य अर्जाच्या नमुन्यात बसत नाही, याची कल्पना आहे.

अजून तरी आपली नम्र,

(सही)
संशोधन सहायक, प्लाझ्मा कक्ष
दिनांक : शुक्रवार, कार्यालय सुटण्यापूर्वी

सोबत :
१. निरीक्षकांचा अहवाल, फोटोसह
२. सुरक्षिततेची ढाल
३. कक्षाची किल्ली. परवानगी नसल्यास परत पाठवू नये.