एकाहून लहान सगळ्या संख्या

आई, तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि तो घालवायचा माझा विचारही नाही. आज कॉलेजात एक बाई मुलीला घेऊन माझ्या टेबलापाशी आली. नवरा इथल्या उरला औद्योगिक वसाहतीत, रोलिंग मिलमध्ये कामाला, मुलगी रिअल ॲनालिसिसमध्ये नापास. बाईने हात जोडले. "मैडम, इसका गणित छुड़वा दीजिए." मुलगी खाली बघत उभी. ते जोडलेले हात पाहिले आणि मला तू दिसलीस, आमच्या तेव्हाच्या विभागप्रमुखांच्या समोर.

त्याच पेपरात तेव्हा मीही नापास झाले होते. शून्याहून मोठ्या आणि एकाहून लहान अशा सगळ्या संख्यांचा सुप्रीमम आणि इन्फिमम, म्हणजे वरची आणि खालची नेमकी हद्द, विचारली होती. मी लिहिलं, यात सगळ्यात मोठी संख्या नाही आणि सगळ्यात लहानही नाही, म्हणून दोन्ही नाहीत. बाबा गेल्यावर रेल्वेच्या ऑफिसात कारकुनी करून तू घर एकटीने ओढत होतीस. तू अर्ध्या दिवसाची सुटी टाकलीस, मला घेऊन गेलीस. विभागप्रमुख सर म्हणाले, "बहनजी, इस लड़की से नहीं होगा. नाम कटवा लीजिए." तू लगेच हात जोडलेस. "हव साहेब, मीबी हेच म्हणून राहिली हिले." मला विचारलंसुद्धा नाहीस! मी तिथेच म्हटलं, "मी नाव काढत नाही." सर हसले. तू हसली नाहीस.

त्यानंतर कितीतरी दिवस आपल्या स्वयंपाकघरात एकच आवाज होता, माझा. तू कणीक मळत असायचीस आणि मी पाटावर बसून मुद्दाम तुझ्या पाठीला ऐकवत मोठ्याने पाठ करायची. एकाहून मोठं यात कोणी नाही. पण एकाच्या जरा खाली हद्द ठेवली, की कोणीतरी ती ओलांडतंच. म्हणून वरच्या हद्दींमधली सगळ्यात लहान हद्द एक, तोच सुप्रीमम. शेवटी तूच वैतागून वळलीस.

"तो एक आहे का तुह्या त्या संख्यांत?"

"नाही."

"जो घरातलाच नाही, तो घरातला सगळ्यात मोठा कसा?"

"मोठा नाही म्हणून राहिली मी. हद्द म्हणून राहिली. हद्द आत असलीच पाहिजे असं कोणी सांगितलं तुले?"

"काहून एवढं ओरडते? आणि खालून?"

"खालून शून्य. तोबी आत नाही."

"अशा गोष्टीपायी पोट्टी साल घालवते," म्हणालीस आणि तवा गॅसवर आपटलास. मी मात्र पाटावर तशीच बसून होते. तुला ओरडून सांगताना माझी उत्तरपत्रिकेतली चूक मला पहिल्यांदा नीट दिसली होती. सगळ्यात मोठी संख्या आणि सुप्रीमम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला सरांनी शिकवलं नाही, तूही नाहीस.

आणि मी पास झाले तेव्हा तू काय केलंस? पेढे घेऊन अख्ख्या पाऱ्यात, मोहल्लाभर फिरलीस. शेजारच्या काकूंना माझ्यासमोर सांगितलंस, "म्याच म्हटलं होतं हिले, सोडू नको म्हणून." खोटं, आई. साफ खोटं. तेव्हा पेढा तोंडात होता म्हणून गप्प बसले. पुढे भांडायला तू राहिलीच नाहीस.

तर आज मी त्या बाईकडे पाहिलं नाही. मुलीला विचारलं, "तुम बताओ, छोड़ना है?" ती इतक्या हळू बोलली की परत विचारावं लागलं. "नहीं मैडम. एक बार और." मी म्हटलं, "नाम नहीं कटेगा." बाईचे हात खाली आले. ती रागाने लाल झाली, मला म्हणाली, "आपका क्या जाता है? फिर फेल हुई तो घर में मैं सुनूँगी." मुलीचा दंड धरून निघाली. मुलगी दारात थांबून उद्याच्या तासाची वेळ विचारून गेली.

हे तुला पाठवायचं तरी कुठे. फक्त एक सांगते, आणि ते त्या बाईला सांगितलेलं नाही: ती मुलगी पास होईल की नाही, मलाही माहीत नाही.