घासलेल्या पट्ट्या

९ जानेवारी १९८४, सोमवार

कुणीतरी माझ्या पट्ट्यांना हात लावतंय. आज खात्री झाली!

भिंगाखाली धरल्या तेव्हा दिसलं. स्टीलवर बारीक ओरखडे, गोल गोल फिरवलेले. एका पट्टीवर नव्हे, बाराच्या बारा. दुकानातून आणल्या तेव्हा त्यांत तोंड दिसत होतं. भाऊसोला दाखवल्या. तो याच प्रयोगशाळेत काम करतो, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. हसला. "बाई, संशोधन करताय की पोलिसात भरती झालायसा?"

हसण्यासारखं काय आहे? ३१ मार्चला माझी रजा संपते. मग पुन्हा कॉलेज, पुन्हा तास. चव्वेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्यांदा रजा कोण देतं!

१२ जानेवारी

शांतपणे लिहून काढते, म्हणजे माझं मलाच कळेल. एका पट्टीवर दोन थर बसवायचे आहेत. वरचा निळा उजेड शोषून घेईल, त्यातून खाली उतरेल तो तांबडा खालचा घेईल — एकाच उन्हातून दोनदा वीज. खालचा थर डिसेंबरमध्ये जमला. घट्ट बसला होता. माझा हात चांगला आहे, असं सगळेच म्हणाले. आता त्यावर दुसरा. आणि दोन्ही थर पंधरा दिवस गच्चीवर उन्हात टिकले पाहिजेत, ही इंगवले सरांची अट. टिकले तर प्रबंध. नाही तर नाही.

अशा वेळी कुणी पट्ट्या खरवडतं?

१७ जानेवारी

गैबी! आमचा शिपाई. काचसामान धुणं, पट्ट्या धुणं, सगळं त्याच्याकडे. अकरा वर्षं रोजंदारीवर आहे, पन्नाशीचा. आज नळापाशी दाराकडे पाठ करून उभा होता, हातात माझी पट्टी. मी आत आले तशी पाण्यात सोडली.

"काय करताय, गैबीभाई?"

"धुतोय की, बाई."

धुताना पाठ कशाला करावी लागते?

भाऊसो रोज आपल्यातला अर्धा चहा त्याला देतो. आजवर ते कधी खटकलं नव्हतं.

१९ जानेवारी

नव्या पट्ट्या आणल्या. स्वतः साबणाने धुतल्या, मऊ कापडाने पुसल्या. लख्ख! मग कपाटाची किल्ली गैबीकडे मागितली. त्याने जुडग्यातून काढली, क्षणभर हातातच धरली.

"काय चुकलं का, बाई?"

"छे! माझं मीच करीन म्हटलं आता."

आवाज अगदी गोड काढला मी. त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

२७ जानेवारी

पापुद्रा! वरचा थर राहिला बाजूला, खालचाच सुटला. कडेने उचलला गेला आणि द्रावणात तरंगायला लागला, दुधावरच्या सायीसारखा. सात पट्ट्या वाया.

३० जानेवारी

पुन्हा तेच. रसायनाची नवी बाटली याच पंधरवड्यात फोडली. कुणी फोडली? गैबीने.

४ फेब्रुवारी

कपाटाच्या कडीवर तांदळाचा एक दाणा ठेवून आले. कुणी उघडलं तर पडेल.

६ फेब्रुवारी

दाणा जागेवर.

७ फेब्रुवारी

दाणा नाही! मुंगीनेही नेला असेल. पण मुंगीनेच नेला कशावरून?

१५ फेब्रुवारी, बुधवार

सरांना पत्र लिहिलं. तीन ओळी. "माझ्या नमुन्यांत जाणूनबुजून ढवळाढवळ होते आहे." खाली गैबीचं नाव. यंदा कायम करायच्या माणसांच्या यादीत तो आहे, हे मला ठाऊक आहे. लिहिताना आठवलंही. तरी लिहिलं, आणि ऑफिसच्या टपालात ठेवून आले.

हलकं वाटेल असं वाटलं होतं.

२४ फेब्रुवारी

ललिता आली होती. तीन वर्षांपूर्वी तिने सरांकडेच प्रबंध केला, आता हातकणंगल्याला शिकवते. तिच्या पट्ट्या अजून इथल्या कपाटात आहेत, थर जसाच्या तसा. तिच्या प्रबंधात त्याबद्दल एवढंच : 'पट्ट्या स्वच्छ करून घेतल्या.' मी विचारलं, स्वच्छ म्हणजे कशा?

"मला काय माहीत? गैबीमामा करून द्यायचे की! त्यांच्या हातच्या पट्ट्या घ्या बाई, नखानंसुद्धा थर निघत न्हाय."

ती गेल्यावर डिसेंबरच्या पट्ट्या काढल्या. थराखाली तेच गोल गोल ओरखडे. थर घट्ट आहे तो त्यांच्यावरच.

माझा हात चांगला!

२५ फेब्रुवारी, शनिवार

गैबीला सरळच विचारलं.

"व्हय, घासायचो. आमच्या घरात कलईचं काम. आजा, बाप, मी. नुसतं धुतलेल्या भांड्यावर कलई धरत न्हाय, बाई. आधी अंग खरबरीत कराय लागतंय. गुळगुळीताला कोण चिकटतंय?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"किल्ली काढून घेतल्यावर काय सांगू? वाटलं, तुमची काय तरी नवी रीत आसंल."

मग त्याने दाखवलं. चाळलेली बारीक वाळू, ओली चिंधी, अंगठ्याचा जोर, हात गोल गोल. नंतर उकळतं पाणी. मी घासलेली पहिली पट्टी त्याने बाजूला टाकली. "ही न्हाय. कडा ऱ्हायल्या. पापुद्रा कडंनंच उठतोय."

गावी, गडमुडशिंगीत, आमच्या आईला लोक भांड्याला हात लावू देत नसत. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी सोळा वर्षांची होते. तोवरचं सगळं आठवतं. हात मागे घ्यायला लावला की तो कसा दिसतो, ते मी जवळून पाहिलंय. आणि मीच किल्ली मागितली. गोड आवाजात.

२७ फेब्रुवारी

सर परिषदेला दिल्लीला गेलेत. 'चूक सर्वस्वी माझी, गैबीचा काही दोष नाही' असं दुसरं पत्र लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्याला मात्र काही सांगवलं नाही. कळलंच नसेल, तर कशाला दुखवायचं?

१ मार्च

दोन्ही थर बसले! बारा पट्ट्या गच्चीवर उन्हात ठेवल्या.

८ मार्च

भाऊसो म्हणाला, "आता कडीवर तांदूळ ठेवत न्हाय का, बाई?"

"तुला काय ठाऊक?"

"दाणा मीच उचलला की! म्हटलं, बाई हितंच भात लावत्यात का काय!"

सगळी हसली. गैबीही हसला. मला हसू येईना.

१६ मार्च, शुक्रवार

पंधरा दिवस पुरे. बारांपैकी अकरा पट्ट्यांचे थर हलले नाहीत.

सर परतले. दिल्लीला जाण्याआधीच त्यांनी माझं पहिलं पत्र यादीबरोबर वर पाठवलं होतं. गैबीचं नाव निघालं. दुसरं पत्र त्यांनी आज वाचलं. मी म्हटलं, निदान त्याला माझ्या पहिल्या पत्राचं कळू देऊ नका.

"कळू देऊ नका? अहो, तुम्ही टपालात ठेवलंत त्याच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून ते त्यानंच आणून दिलं मला. पाकीट उघडं होतं. म्हणाला, साहेब, माझ्याबद्दल हाय, वाचून घ्या."

सोळा फेब्रुवारीला.

पट्टी कशी घासायची ते त्याने मला पंचवीसला शिकवलं.