झोपाळ्यावरचा रेडिएटर

मोहम्मद बिन झायद सिटी, अबुधाबी
मंगळवार, असरच्या नमाजानंतर

खैरुद्दीनभाई,

अस्सलामु अलैकुम. तुमचा गुडघा आणि भाभीची साखर, दोन्ही अल्लाच्या मेहेरबानीने ताब्यात असतील. मी ठीक आहे. एमानच्या निकाहाला सोळा दिवस उरले आणि बाप अजून इथेच, म्हणून तुम्ही फोनवर चिडलात ते रास्तच. पण माझी रजा एका रेडिएटरपायी अडली होती. (थंड मुलखात घर ऊबदार राहावं म्हणून भिंतीवर लावतात ती लोखंडी फासळ्यांची चौकट. आतून गरम पाणी फिरतं. इथे बाहेर पंचेचाळीस डिग्री.)

खलिफा सिटीत एका गोऱ्या विधवा बाईंच्या जुन्या व्हिलाची दुरुस्ती माझ्याकडे होती. त्यांनी हँडओव्हरच्या कागदावर सही केली की मला रजा. सगळं उरकलं आणि बाईंनी कंटेनरमधून आलेला तो रेडिएटर पुढे केला. नवरा आयुष्यभर त्याला पाठ टेकून बसायचा. पाण्याची लाइन नको, नुसता भिंतीवर हवा. पण त्या भिंतीला ओल येऊ नये म्हणून आम्ही वॉटरप्रूफिंग केलेलं. एक भोक पडलं की दहा वर्षांची गॅरंटी खलास, आणि गॅरंटीवर सही माझी. आमचा इंजिनिअर प्रणव म्हणतो, “काका, ग्लू लावा ना, यल्ला, उरका!” साठ किलो लोखंड, गोंदावर! शेवटी छतात आधीच्या मालकाचे दोन हूक सापडले. त्यांना आपल्या झोपाळ्यासारख्या कड्या लावून मी रेडिएटर भिंतीलगत लोंबता ठेवला. भिंतीवर ओरखडा नाही. स्वतःवर खूश झालो. (अल्ला माफ करो.)

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो झुलत होता. हळू, एका लयीत, कुणी पायाच्या अंगठ्याने रेटा द्यावा तसा. एसी बंद केला, खिडक्या लावल्या, तरी झुलतच. हात लावला तर कडेच्या फासळ्या गार. मधल्या सहा-सात मात्र कोमट, माणसाच्या पाठीएवढ्याच रुंदीत. खालून तारेने बांधला, तर दुसऱ्या दिवशी तार जमिनीवर नीट गुंडाळून ठेवलेली. बाई घाबरल्या नाहीत. कागदावर ‘पक्का बसवला आहे’ असं छापलंय आणि हा तर हलतो, मग खोटी सही कशी करू, एवढंच त्यांचं म्हणणं. पाच दिवस हेच. (मेलेल्याची रूह परत येत नाही, हे मौलवीसाहेबांनी आपल्याकडून घोकून घेतलं होतं. तिथे उभं राहिल्यावर आठवलं नाही.)

आज एकटाच त्याच्यासमोर उभा राहिलो, आयतुल कुर्सी पढली आणि आपल्या बोलीत सरळ विनवलं, की साहेब, माझ्या मुलीचा निकाह आहे, बाईंची सही होईपर्यंत जरा स्थिर बसा. झुलणं थांबलं. बाईंनी सही केली.

तुमचा धाकटा,
कमरुद्दीन

ता. क. – तिकीट शुक्रवारचं मिळालं. भाभीला सांगा, केशर आणतोय.

आणखी ता. क. – पत्राचं खरं कारण हे. लग्नाची गोष्ट काढायची आणि समोरच्याला आमंत्रण द्यायचं नाही, हे आपल्यात बरं दिसत नाही. म्हणून विनवण्याच्या ओघात मी त्या साहेबांना ‘तुम्हीही या’ म्हणून गेलो. मघाशी निघताना हात लावून पाहिला, तर मधल्या फासळ्याही गार पडल्या होत्या. तेव्हा हॉलमध्ये पुढच्या रांगेत एक खुर्ची मोकळी ठेवा. पंख्याखाली नको, त्यांना थंडी सोसत नाही.