एका फ्लॉपीवर एक मिनिट

अप्पा,

परवा शेजारच्या मुलीचा लॅपटॉप सुरू होता होता अडकला आणि ती तो माझ्याकडे घेऊन आली. मी निवृत्त झाले तरी या इमारतीत कुणाचं यंत्र रुसलं की पहिला दरवाजा माझाच वाजतो. पडद्यावर कंपनीचं चिन्ह येत होतं आणि तिथेच थिजत होतं. तिनं विचारलं, आंटी, आतले फोटो गेले का? मी यंत्र उचलून कानाला लावलं. ती हसली, तिला वाटलं मी गंमत करते आहे. हल्लीच्या यंत्रांना आवाज नसतो. तिच्याही यंत्राला नव्हता, आणि थोड्या खटपटीनं ते सुरळीत झालं, तिचे फोटो तिला मिळाले. तुमच्या लॅपटॉपला आवाज होता. कट, कट, मग थोडं थांबून पुन्हा कट. तो ऐकत मी तुमच्या सुतकाचे दिवस काढले. बाकी घरात काय चाललं होतं ते मला फारसं आठवत नाही.

तुमच्या आवाजापासून सुरुवात करायला हवी. तांबरम स्टेशनवर तुम्ही अनाउन्सर होतात. बीच स्टेशनकडे जाणारी गाडी कुठल्या फलाटावर येणार, चेंगलपट्टूची किती उशिरा, हे आधी तमिळमध्ये आणि मग इंग्रजीत सांगणारा तो जाड, सावकाश आवाज, प्रत्येक शब्द जणू इस्त्री करून घातलेला. बाजारातली भाजीवाली तुम्हाला चेहऱ्यानं ओळखायची नाही. तुम्ही वांग्याचा भाव विचारलात की मान वर करायची आणि गाडी वेळेवर आहे का म्हणून चिडवायची. घरचा आवाज मात्र निराळा होता. घरी तुम्ही भरभर बोलायचात, अर्धी वाक्यं गिळायचात, आपल्या तंजावरी मराठीला तमिळची फोडणी द्यायचात, आणि भूक लागली की स्वयंपाकघराच्या दारात लहान मुलासारखे ताटकळत उभे राहायचात. एका माणसाचे दोन आवाज असतात हे मला इतकं लवकर कळलं, की सगळ्यांच्या वडिलांचं तसंच असतं असं मी धरून चालले होते.

एकदा शाळेला सुट्टी होती आणि अम्मा कुठेतरी लग्नाला गेली होती, म्हणून तुम्ही मला कामावर घेऊन गेलात. ती छोटी खोली मला अजून दिसते. टेबलावर मायक्रोफोन आहे, त्याच्या बुडाशी स्विच, शेजारी लाल दिवा. तुम्ही स्विच दाबता, दिवा लागतो, आणि तुम्ही बदलता. पाठ ताठ होते, मान किंचित तिरकी होते, आणि तो दुसरा माणूस बोलायला लागतो. मी स्टुलावर पाय हलवत बसले आहे. तुम्ही श्वास घ्यायला थांबलात आणि मी म्हटलं, "अप्पा, भूक लागली." ते सगळ्या फलाटांवर गेलं. मराठी कुणाला कळलं नसेल, पण पोर भुकेलं आहे हे कुठल्याही भाषेत कळतं. लोक हसले, ते खिडकीतून ऐकू आलं. तुम्ही रागावला नाहीत. घोषणा पुरी केलीत, स्विच बंद केलात, डबा उघडून माझ्यापुढे ठेवलात, आणि मी पहिला घास घेतल्यावर म्हणालात, "स्विच चालू असताना घरचं बोलायचं नाही." एवढंच. ओरडला असतात तर मी विसरून गेले असते. पुढे ती आपल्या घरात म्हणच होऊन बसली. पाहुणे बसलेले असताना अम्मा खर्चाचं काढायला लागली की तुम्ही नुसतं बोट वर करून म्हणायचात, स्विच चालू आहे.

मग अण्णा अमेरिकेला गेला आणि तिकडचाच झाला. एका सुट्टीत आला तेव्हा त्याचा जुना लॅपटॉप तुमच्यासाठी ठेवून गेला. नवा घेतला म्हणून जुना बापाला, असं तुम्ही हसत हसत सगळ्यांना सांगितलंत, पण रोज सकाळी तो पुसायचात. अण्णाला नवरात्राचा आपला कुलाचार हवा होता. तिथला भटजी त्याच्या पद्धतीनं करतो, आपलं आपल्याकडे राहिलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, सांगा, टाइप करते. तुम्ही नाही म्हणालात. पूजा वाचायची नसते, ऐकायची असते. मग मी मायक्रोफोन आणला. त्या यंत्रात आवाज साठवायची सोय होती, पण एका वेळी एक मिनिटच. एका मिनिटाची फाइल बरोबर एका फ्लॉपीत मावायची. मला वाटलं तुम्ही वैतागाल, पण तुम्ही खूश झालात. मिनिटापेक्षा लांब घोषणा कोण ऐकतं, म्हणालात.

पहिलं मिनिट चाचणीचं होतं. मी त्याला 'टेस्ट' असं नाव दिलं. त्यात तुम्ही काहीच धड बोलला नाहीत. हे ऐकतंय का गं, याचा दिवा कुठाय, दिवा नाही तर माणसाला कळायचं कसं, मग आंबे यंदा आंबट निघाले, मग तुझी आई बघ दारात उभी राहून हसते आहे. आणि मग तुम्हीच हसलात, तोंडावर हात धरून, खोकला येईपर्यंत. ते परत ऐकवलं तेव्हा तुमचा चेहरा पडला. हा कोण म्हातारा, असं विचारलंत. पुसून टाक म्हणालात. मी हो म्हटलं आणि पुसलं नाही, आळस, दुसरं काही नाही.

पूजेची मिनिटं तुम्ही अंघोळ करून, काही न खाता भरलीत. घट कसा मांडायचा, माळ कशी बांधायची, कुठल्या दिवशी कुठला नैवेद्य, सगळं स्टेशनवरच्या आवाजात. देवी जणू तीन नंबर फलाटावर यायची होती. शेवटच्या तुकड्यात आरती संपली, मिनिट संपायला थोडा अवकाश होता, आणि बटण दाबायला मला उशीर झाला. तुम्हाला वाटलं बंद झालं. तुम्ही खांदे सैल सोडलेत आणि घरच्या आवाजात म्हणालात, "झालं का गं? भूक लागली." मग मी बटण दाबलं. आपण उठलो, अम्मानं तव्यावरून डाळ-तांदळाच्या गरम अडई वाढल्या, तुम्ही चटणी कमी आहे म्हणून कुरकुर केलीत. मिनिटं फ्लॉप्यांवर उतरवून अण्णाला पाठवायची राहिली, कारण पुरेशा कोऱ्या फ्लॉप्या घरात नव्हत्या आणि घाई कसलीच नव्हती.

पुढच्या कत्तिरीत, म्हणजे ऐन मे महिन्याच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात, तुम्ही जेवून आडवे झालात आणि उठला नाहीत. काकांच्या मुलानं अग्नी दिला. अण्णा तिसऱ्या दिवशी पोचला, पुढचे विधी त्यानं केले. मला रडू आलं नाही. आलं नाही म्हणून वाईटही वाटलं नाही, फक्त लोक बघतायत एवढं कळत होतं. अण्णा मात्र रडला, आणि रडून झाल्यावर त्यानं पहिली गोष्ट विचारली ती त्या मिनिटांची. मी लॅपटॉप उघडला. यंत्र सुरू होताना येतं ते ढगांचं चित्र आलं, आणि तिथेच थांबलं. बंद करून पुन्हा लावला, पुन्हा ढग. आतून तो कट कट आवाज. ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन केला, तिनं यंत्राचा आवाज फोनवरूनच ऐकला आणि सांगितलं की डिस्क मरते आहे, उगाच सारखी चालू करू नकोस. थंड केली तर कधीकधी थोडा वेळ चालते, तेवढ्यात काढता येईल ते काढ. अण्णा पाठीमागे उभा राहून सूचना देत होता, त्याला उंटावरून शेळ्या हाकायची सवय तेव्हापासूनची. मी एवढंच म्हटलं, की या घरात थंड जागा एकच आहे.

ती जागा म्हणजे अम्माचा फ्रिज, आणि तो मडीतला, म्हणजे सोवळ्यातला. अंघोळ केल्याशिवाय त्याचं दार उघडायची माझी कधी छाती झाली नव्हती. तुम्हीसुद्धा पाणी मागून घ्यायचात. मी विचारलंच नाही, नुसती लॅपटॉप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, तुम्ही राहायचात तशी. अम्मा भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, फ्रिज उघडला, दुधाचं भांडं काढलं, दह्याचं काढलं, मधली जाळी ओढून बाजूला ठेवली, आणि म्हणाली, "ठेव त्यात. अत्ता कसलं मडी." सुतकात सोवळं नसतंच, ती काही चुकीचं बोलली नाही. पण तिनं स्वतःच्या हातानं ते रिकामं केलं, आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तुम्ही गेलात. कळलं, आणि मी यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायला लागले.

मग त्याचाच दिनक्रम झाला. यंत्र गार करायचं, बाहेर काढून पुसायचं, यंत्र सुरू करून देणारी फ्लॉपी घालून चालू करायचं, पडद्यावर अक्षरं आली की लगेच कोरी फ्लॉपी घालून एक मिनिट उतरवायचं. उतरलं तर उतरलं. मध्येच थिजलं तर पुन्हा फ्रिज. एका गारव्यात एक मिनिट, कधी तेही नाही. मागच्या अंगणात भटजी अण्णाला मंत्र सांगत होते आणि मी टेबलाशी बसून तुमचा आवाज न ऐकता उतरवत होते. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होती, बाप गेला आणि पोरगी मशीन घेऊन बसली आहे. ती खोटं सांगत नव्हती. वेळ झाली की अम्मा मात्र स्वतः फ्रिजचं दार उघडून धरायची.

दहाव्या दिवसापर्यंत पूजेचे सगळे तुकडे निघाले. राहिलं होतं फक्त 'टेस्ट'. दुसऱ्या दिवशी शुद्धी झाली, घर धुतलं, अम्मानं फ्रिज आतून-बाहेरून पुसून काढला. दूध आत ठेवण्याआधी ती थांबली आणि मला विचारलं, "अजून काही उरलंय का त्यात?" तिनं पुन्हा ठेवू दिलं असतं, दूध तिनं हातातच धरलं होतं. मी म्हटलं, नाही, कामाचं काही नाही. तिनं दूध आत ठेवलं. महिन्याभरानं मी सहज म्हणून यंत्र लावून पाहिलं, तर ढगसुद्धा आले नाहीत. फ्लॉप्या अण्णा घेऊन गेला होता. दुसरा संच करून ठेवावा असं मला सुचलंही नाही. ती मिनिटं त्याच्यासाठीच तर होती.

अण्णानं त्या नीट सांभाळल्या, हे कबूल करायला हवं. दर नवरात्रात त्याच्या घरी तुम्ही घट मांडायला सांगता आणि त्याची मुलं, ज्यांना मराठी जेमतेम कळतं, हात जोडून ऐकतात. अम्मा गेल्यानंतरच्या वर्षी त्याचा फोन आला. तुकडे जोडून तो एकसलग करत होता, सीडीवर घालायला. म्हणाला, शेवटी आरतीनंतर अप्पा काहीतरी बोलतात, झालं का गं, भूक लागली, असं. पूजेत ते बरं नाही वाटत, मुलं हसतात. काढू का? मी लगेच म्हटलं, काढ. तो हसला, म्हणाला, अगदी अप्पांसारखी आहेस, स्विच चालू असताना घरचं नको. मी त्याला तसं समजू दिलं.

आता तुमचा पूजेचा आवाज मला हवा तेव्हा आठवतो. स्टेशनवरचा तर तांबरमला उतरलं की आपोआप येतो, आता तिथे कुणा बाईचा आवाज लावलेला असला तरी. घरचा आठवत नाही. 'टेस्ट'मधला शब्द न् शब्द मला पाठ आहे, आंबे, दिवा, खोकला, पण म्हणायला गेले की आवाज माझाच येतो. अण्णानं खरंच ते वाक्य काढलं की ठेवलं, हे मी त्याला विचारलेलं नाही. या पत्राला जायला कुठला पत्ता नाही, ते कपाटात राहील, म्हणजे स्विच बंदच आहे, म्हणून एक घरचं सांगते. मी काढ म्हटलं ते तुमच्या नियमामुळे नाही. पूजा अण्णाची होती, ती मी त्याला दिली. ते वाक्य तुम्ही मला म्हणाला होतात, आणि ते त्याच्या घरात वाजावं हे मला सहन होत नव्हतं.