माझ्या पश्चात माझ्या नावाने कोणी बोलल्यास

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय कवळ्या बनवण्याचा, अविवाहित, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

१. राहते घर, पुढच्या कामाच्या खोलीसह, माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. ते मी स्वकष्टाने घेतले आहे. बाबांचे घर आमच्याकडे राहिले नाही. ते कसे गेले हे लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढचे कलम विक्षिप्तपणाचे वाटेल.

बाबा वारल्यावर महिन्याभराने ते आत्याच्या अंगात आले. "घर माझ्या भाच्याला द्या," असे तिच्या तोंडून खणखणीत बोलले. भाचा म्हणजे आत्याचाच मुलगा. आई म्हणाली, "वन्सं, एकटे असताना ते मला काय हाक मारायचे, तेवढं विचारा."

"गेलेल्या माणसाची परीक्षा घेतेस?" आत्या म्हणाली.

मी तेव्हा शाळेत होते. मी म्हटले, बाबा तर अडखळत बोलायचे, 'घर' म्हणताना त्यांची जीभ हमखास अडायची. त्यावर काका म्हणाले, "माणूस सुटला की जीभही सुटते." सगळ्यांना ते पटले. मग काका आईकडे वळले. "वहिनी, दादा आला नव्हता असं तुमचं म्हणणं असेल, तर ते तुम्ही सिद्ध करा."

आईला ते करता येईना. तिने सही केली. आम्ही तिघी भाड्याच्या एका खोलीत गेलो.

२. सबब, मृत्यूनंतर मी कोणाच्याही अंगात वा स्वप्नात येऊन मिळकतीबद्दल काहीही सांगणार नाही. मी सांगितले असे कोणी म्हटल्यास ते सिद्ध करण्याची जबाबदारी म्हणणाऱ्याची. न मानणाऱ्याला कोणी काही सिद्ध करायला लावू नये.

३. साचे, मेण कापायचे सुरे आणि पॉलिशचे यंत्र माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईंना द्यावे. आत्तेभावाला काही नाही. आत्याची शेवटची कवळी मीच केली. "छान बसली," ती म्हणाली. तरी मी तिला सफरचंद चावून दाखवायला लावले.

४. बहीण म्हणते, गेलेली आई अधूनमधून तिच्याशी बोलते. मी विचारले, "काय म्हणते?"

"काही नाही गं ताई. जेवलीस का, एवढंच."

माझा यावर विश्वास नाही, आणि तसे मी तिला सांगितले आहे. "मी कुठे म्हणते ठेव म्हणून," ती म्हणाली. त्या आवाजाच्या नावावर तिने कोणाकडे कधी काही मागितलेले नाही. तेव्हा तिच्याकडे कोणी पुरावा मागू नये. पुढेमागे मीही बोलते असे ती म्हणाली, तर खुर्ची ओढून ऐकून घ्यावे. कलम दोन मात्र तिलाही लागू आहे.

स्थळ : कामाची खोली. दिनांक : १९ फेब्रुवारी, दुपार.

सही

साक्षीदार : समोरचे औषध दुकानदार, शेजारच्या शिवणकामवाल्या बाई. दुकानदारांनी विचारले, "आतलं वाचायचं का?" मी नको म्हटले. मला सही करताना दोघांनी पाहिले आहे. विचारल्यास त्यांनी तेवढेच सांगावे.