क्षमा करा, आपली ओळख पटली नाही

३ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचे! आईला अकरा नंबरची खोली मिळाली, पूर्वेच्या खिडकीची. मला मागे, कपडे धुण्याच्या खोलीशेजारी. या वृद्धनिवासात चौदा जुने संगणक आहेत. त्यांवर लिनक्स ही फुकट, हवी तशी बदलता येणारी प्रणाली घालून ते इथल्या माणसांच्या हाती द्यायचे आणि त्याबदल्यात आईची सोय, असं ठरलंय.

दोन वर्षांत आईच्या डोक्यातून एकेक माणूस निघून गेलाय. आधी शेजारी, मग मावशी, मग भिंतीवरच्या फोटोतले बाबा. मी अजून आहे. डॉक्टर म्हणाले, ओळखीचा चेहरा रोज समोर असू द्या. त्यासाठीच आलो. बाकी सगळं गेलं तरी चालेल, तिने मला ओळखलं पाहिजे.

ही नवी वही पाहून आईने पेन मागितलं आणि पहिल्या पानावर माझं नाव लिहिलं, शाळेच्या वह्यांवर लिहायची तसंच, खाली दोन रेघा मारून.

६ मार्च

संगणक लावला की आधी लॉगिन स्क्रीन येतो. करडी चौकट, मुंगीएवढी अक्षरं, चुकलात की लाल दरडावणी. हे दार नव्हे, जकातनाका आहे! ज्याचा संगणक त्यानेच त्याच्यापुढे हात जोडून का उभं राहायचं? लिनक्समध्ये हे दार पाडून आपलं बांधता येतं, तेही साध्या वेब पानासारखं. एचटीएमएलच्या भिंती, सीएसएसचा रंग, जावास्क्रिप्टच्या बिजागऱ्या. प्रत्येकाचा मोठा फोटो. त्यावर बोट ठेवा, चार आकडे दाबा, आत जा. चुकलात तर दरडावणी नाही, अदबीचं एक वाक्य: "क्षमा करा, आपली ओळख पटली नाही." त्या वाक्यावर मी अर्धा दिवस घालवला.

इथे एक निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. तासभर माझ्या पाठीमागे उभे होते. मला त्यांनी 'भाषणवाले' करून टाकलंय. म्हणाले, दार झकास आहे, पण मी आपलं नाव सांगून कुठल्याही दारातून आत जात नाही, दारालाच गरज असेल तर त्याने मला ओळखावं. माणूस माझ्याच पठडीतला.

१० मार्च, सोमवार

उद्घाटन झालं. बोललो, जरा जास्तच बोललो. पडद्यावर बत्तीस फोटो उमटले तेव्हा आईने आपल्या शेजारचा माझा फोटो बरोबर ओळखला आणि टाळ्या वाजवल्या. आणखी काय हवं?

व्यवस्थापिकाबाईंना फोटोंची दाटी खटकली. काहीजण तर संगणकाला शिवतही नाहीत, म्हणाल्या. मग जावास्क्रिप्टची एक ओळ वाढवली: सात दिवस जो आत गेला नाही, त्याचा फोटो लपवायचा. पुसायचा नाही, नुसता लपवायचा. स्वयंपाकघराची हजेरीही आता याच पानावरून घेतात.

१७ मार्च, सोमवार

मास्तर शब्दाला जागले. एकदाही आत गेले नाहीत. आज त्यांचा फोटो लपला. थट्टा करायला मी त्यांना पडद्यासमोर नेलं, माझ्या फोटोवर बोट ठेवून आत जाऊन दाखवलं. म्हटलं, बघा, एवढंच असतं. हसले.

दुपारी त्यांना ताट नव्हतं. हजेरीत नाव नसणार, चूक माझी, म्हणून मीच सांगायला गेलो. गेला आठवडा मिठावरून त्यांच्याशी रोज भांडणारी स्वयंपाकीण त्यांच्याकडे नीट बघत म्हणाली, "क्षमा करा, आपली ओळख पटली नाही."

मला हसू आलं. वृद्धनिवासात विसरण्याचं काय नवल! मग आठवलं, तिचं वय अठ्ठावीस आहे.

१८ मार्च

मास्तरांच्या पलंगावर कोरी चादर. व्यवस्थापिकाबाईंनी त्यांना विचारलं, कुणाला भेटायला आलात? मास्तर भांडले नाहीत. पिशवी उचलली आणि फाटकाकडे निघाले. जाताना मला म्हणाले, "भाषणवाले, तुम्ही तरी —" मी गप्प राहिलो. मी!

ती ओळ काढून टाकली. संगणक पुन्हा लावला. फोटो आला नाही. त्यांचं खातंच संगणकात नाही. खात्यांना मी हात लावलेला नाही.

२० मार्च

फोटो सत्तावीस. कमी झालेले कोण, ते सांगता येईना. बाई म्हणाल्या, पहिल्यापासून सत्तावीसच आहेत.

मागची पानं चाळली. कुणा मास्तरांबद्दल बरंच लिहिलंय. अक्षर माझं आहे. हे मास्तर कोण?

२१ मार्च

जुना करडा स्क्रीन परत बसवला. संगणक लावला, तर माझंच पान वर आलं. फोटो पंचवीस.

आईला सकाळी सातलाच समोर बसवलं. तिचं बोट धरून चार आकडे दाबले, माझं जन्मवर्ष. गेली आत. आता रोज हेच. चुकायचं नाही.

२३ मार्च

सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आई वैतागते. म्हणते, मी कोण ते याला किती वेळा सांगायचं?

फोटो वीस. आईचा आहे. आईचा आहे.

२४ मार्च

फोटो अठरा. आईच्या शेजारी मोकळी जागा. तिथे कुणाचा —

माझा होता.

मी या दाराने जातच नाही. दार बांधणारा मागून शिरतो, टर्मिनलच्या काळ्या चौकटीत हुकूम टाइप करून, आम्ही संगणकवाले सगळे तसेच. सतरा तारखेनंतर एकदाही — लोकांना दारातून जा म्हणून भाषणं ठोकली, आणि स्वतः —

नाव टाइप केलं. पडद्यावर माझंच अदबीचं वाक्य.

दुपार

ताट नाही. बाईंनी विचारलं, कुणाला भेटायचंय? अकरा नंबर, म्हटलं.

आईने दार उघडलं. बराच वेळ बघत राहिली. चेहरा उजळला, म्हणून मला वाटलं —

"क्षमा करा," म्हणाली, "आपली ओळख पटली नाही. तुमचं इथे कुणी आहे का?"

आई आहे, म्हटलं.

"मग जा बरं तिच्याकडे. वाट बघत असेल."

फाटकापाशी

चौकीदार म्हणतो, बाहेर जाताना वहीत नाव लिहा. म्हटलं थांबा, माझ्या रोजनिशीत पहिल्याच पानावर आहे. पान उघडलं. शाई आहे. खाली दोन रेघा आहेत. अक्षरं एकेक करून वाचता येतात, पण ती जोडून कुणाचं —